चूलही राहिली, भिंतही राहिली

हैदराबादला निघालं की आपल्या सीमाभागातल्या घरांतून याद्या निघतात. कुणाला लाड बाजारच्या बांगड्या हव्या असतात, कुणाला उस्मानिया बिस्किटं, कुणाला मोत्यांची सर. या खेपेला माझ्या यादीत मात्र भलत्याच वस्तू होत्या. भाजलेल्या विटा, दोन फरश्या, लोखंडी अँगल आणि चार-पाच घमेली लाल माती. आत्याच्या परसातल्या चुलीमागची भिंत वाचवायची होती. खरं तर भिंत हे निमित्त. वाचवायची होती ती चूल.

परसातला जाळ

आत्याचं माहेर सोलापूरकडचं मराठी, सासर भालकीकडचं कन्नड आणि संसार हैदराबादचा. आपल्याकडे अशी घरं गल्लोगल्ली सापडतील. एकेकाळी निजामाच्या राज्यात मराठवाड्याचे पाच जिल्हे होते, बीदर, गुलबर्गा, रायचूर होते आणि तेलंगण होतं. शिक्षणाला, नोकरीला, कोर्टाच्या कामाला सगळ्यांची वाट हैदराबादेकडेच जायची. त्या वाटेने गेलेली माणसं तिकडेच राहिली. म्हणूनच जांबागेत विवेकवर्धिनी ही मराठी संस्था उभी आहे आणि काचीगुड्यात नृपतुंग ही कन्नड. आत्याचं घर त्याच बाजूला, बैठं, जुन्या बांधणीचं, मागे परस असलेलं. ती नवऱ्याशी कन्नड बोलते, माझ्याशी मराठी, कामवालीशी तेलुगू आणि भाजीवाल्याशी दखनी. चुलीला चार शब्द तिच्या तोंडात आहेत: चूल, ओले, पोय्यि आणि चुल्हा. पण जाळ एकच.

घरात गॅस आहे, मिक्सर आहे, सगळं आहे. तरी ज्वारीची भाकरी आत्या परसातच करते. आठवड्यातून दोनदा. "गॅसवर भाकरी होते गं, पण निखाऱ्याशी उभी केल्यावर जशी फुगते तशी फुगत नाही," हे तिचं म्हणणं. आणि वर्षातून एकदा त्या चुलीला मोठा मान असतो. मार्गशीर्षातली येळ अमावस्या. आपल्याकडे त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप होते, पांडवांची पूजा होते, भज्जी, आंबील, उंडे यांची पंगत बसते. आत्याला हैदराबादेत शेत कुठून असणार? म्हणून परसातल्या चुलीवर मोठ्या पातेल्यात भज्जी शिजते आणि तिथेच चटया टाकून माणसं जेवतात. चूल मोडली तर येळ अमावस्या गॅसवर आली असती, आणि मग हळूहळू गेलीही असती.

आणि चूल मोडायचं जवळजवळ ठरलंच होतं. माझा आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, काही उगाच हट्टाला पेटलेला नव्हता. चुलीमागे घराचीच भिंत. तिच्यावर काजळीचा माणसाएवढा पट्टा. आधी एका गवंड्याकडून तिथे चकचकीत टाइल्स लावून घेतल्या होत्या. वर्षभरात त्या पोकळ वाजू लागल्या आणि एकेक करून सुटल्या. मग कुणीतरी त्या जागी पत्रा ठोकला, थेट गिलाव्यावर. काजळी पत्र्यावर बसू लागली, पण उष्णता पत्र्यातून तशीच भिंतीत जाऊ लागली. भिंतीवरून गेलेला विजेच्या वायरचा प्लास्टिकचा पाइप एके दिवशी मऊ पडून वाकलेला दिसला.

"अव्वा, हे आता थट्टेवारी नाही. उन्हाळ्यात घराला रंग द्यायचाय. त्याआधी चूल काढायची," दादाने सांगून टाकलं.

आत्या काही बोलली नाही. बोलले ते मामा. (आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो, कन्नड घरांत 'माव' म्हणतात तेच.) "ओलि बेकंद्र ग्वाडी उळसबेकु." चूल हवी असेल तर भिंत राखली पाहिजे. वाद तिथे थांबला आणि काम सुरू झालं.

शहरभर पसरलेल्या भट्ट्या

मी गेले तेव्हा रमजान पंधरा दिवसांवर आला होता. उघड्यावरच्या जाळाला आडोसा कसा करावा हे शिकायचं असेल तर हैदराबादेत याहून चांगले दिवस नाहीत. हॉटेलांच्या पुढच्या अंगणात, रस्त्याच्या कडेला हलीमच्या भट्ट्या बांधायला घेतलेल्या असतात. विटा आणि माती, बस्स. त्यात मोठी देग बसवतात, खाली लाकडांचा जाळ आणि वर उभं राहून लांब लाकडी घोटण्याने गहू आणि मांस तासन् तास घोटत राहायचं. हैदराबादी हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं.

मामांना घेऊन मी शालीबंड्याच्या रस्त्याने दोन-तीन ठिकाणी उभी राहिले. आमचं लक्ष देगेकडे नव्हतं, भट्टीच्या अंगाकडे होतं. भिंत चांगली जाड, मातीने लिंपलेली. सिमेंट कुठेच नाही. एका कारागिराला विचारलं तर तो हसला. "सिमेंट नक्को अम्मा, फट जाता." (हा 'नक्को' आपलाच बरं का. दखनीत मराठीतून गेलेला 'नको' आणि 'एकीच', 'वहीच' मधला 'च' हैदराबादेत पावलोपावली भेटतो.)

त्याच्या एका वाक्यात आमच्या टाइल्स का सुटल्या त्याचं उत्तर होतं. सिमेंट घट्ट होताना पाणी धरून ठेवतं. सारखा जाळ लागला की ते पाणी निघून जातं, सिमेंट आक्रसतं, भेगा पडतात. वरची टाइल तापून फुगते वेगळ्या मापाने, खालचं सिमेंट वेगळ्या मापाने. शिवाय भिंतीतली ओल टाइलमागे कोंडते आणि तापल्यावर वाफ होऊन टाइलला ढकलते. मातीचं तसं नाही. ती थोडी मोकळी असते, सैल असते, भेग पडली तर पुन्हा लिंपता येते. आणि वीट तर एकदा भट्टीतून होऊन आलेली. तिला जाळाचं नवल नाही.

दुसरा धडा मिरची भज्यांच्या गाड्यांवर मिळाला. संध्याकाळी काचीगुडा स्टेशनच्या बाजूला फिरा, प्रत्येक गाडीवर कढईच्या तीन बाजूंना पत्रा उभा दिसेल. कुणाचा नवा, कुणी तेलाचा डबा उघडून सपाट केलेला. तो वारा अडवतो, तेलाचे शिंतोडे अडवतो. पण एक गोष्ट आम्ही मुद्दाम पाहिली. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या गाडीवरही पत्रा भिंतीला चिकटलेला नव्हता. मध्ये चार बोटं मोकळी होती. गाडीवाल्याला ही जागा गाडी हलवायला लागत असेल, पण काम ती दुसरंच करत होती. पत्र्यामागची हवा तापते, वर जाते, खालून गार हवा येते. भिंतीपर्यंत उष्णता पोचतच नाही.

तिसरा धडा 'पत्थर का गोश्त'चा. जाड ग्रॅनाइटच्या लादीखाली निखारे घालून तिच्यावर मांस भाजतात. आम्ही खाणारे नव्हे, पाहणारे. ती लादी हळूहळू तापवतात आणि तापलेली असताना तिच्यावर पाणी मारत नाहीत. दगडाला जाळ सोसतो, पण एकदम तापणं आणि एकदम गार होणं सोसत नाही.

एकच दगड, दोन नावं

आता फरशीची गोष्ट. सोलापूरहून रात्रीच्या गाडीने निघालं की कलबुर्गीच्या पुढे उजाडतं. खिडकीशी बसलं की शहाबाद लागतं, मग वाडी, चित्तापूर, सेडम, आणि मग तांडूर, विकाराबाद. वाडीपासून सिकंदराबादपर्यंतचा हा लोहमार्ग निजामाच्या काळात, १८७४ साली सुरू झाला. दोन्ही बाजूंना फरशीच्या तुकड्यांच्या राशी दिसतात. आपल्या घरातल्या ओसरीवर, न्हाणीत, देवघरात जी निळसर राखाडी फरशी आहे, ती इथलीच. भीमेच्या खोऱ्यातला हा चुनखडीचा दगड थराथराने बसलेला आहे, म्हणून पहार घातली की सपाट लाद्या सुटून येतात. कन्नडमध्ये अंगणात अंथरायच्या दगडाला 'हासुगल्लु' म्हणतात, अंथरायचा दगड. नाव अगदी नेमकं आहे.

हैदराबादच्या दुकानात दुकानदार म्हणाला, "तांडूर." आत्या म्हणाली, "शहाबादी हवी." तो म्हणाला, "अम्मा, दोनों एकीच है." आत्याला पटेना. पण त्याचं खरं होतं. दगडाचा पट्टा एकच. एवढंच काय, तांडूर तालुका १९५६ पर्यंत गुलबर्गा जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी मांडणी झाली तेव्हा तो आंध्र प्रदेशात गेला, आणि आता तेलंगणात विकाराबाद जिल्ह्यात आहे. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातून तेव्हाच मुंबई राज्यात आले. माणसांची सरहद्द अशी आखली गेली, दगडाला तिचा पत्ता नाही. फरक पाहायचाच तर तांडूरला निळ्याबरोबर पिवळसर फरशीही निघते. आत्याने निळी घेतली आणि घरी येऊन शेजारणीला "शहाबादी आणली" म्हणून सांगितलं.

फरशी घेताना मामांनी प्रत्येक लादी कडेवर उभी धरून बोटाच्या पेराने वाजवली. खणखणीत आवाज आला तर घ्यायची, बद्द आला तर आत थर सुटलेला असतो. आपल्या आजी-आजोबांनी मडकी अशीच घेतली.

मात्र हा दगड जाळाच्या तोंडाशी लावायचा नाही. चुन्याच्या भट्टीत ८०० ते ९०० अंशांना याच जातीच्या दगडाचा चुना होतो. चुलीमागे इतकं तापमान जात नाही, पण थराथराच्या दगडात ओल मुरलेली असेल तर जाळाने पापुद्रे सुटतात. तेव्हा ठरलं ते असं: जिथे ज्वाळा लागते तिथे वीट आणि माती, जिथे नुसते शिंतोडे आणि काजळी तिथे फरशी.

आडोसा कसा बांधला

पहिल्या दिवशी विटेला हात लावला नाही. आधी इलेक्ट्रिशियन बोलावून वायरचा पाइप त्या भिंतीवरून काढला आणि दुसऱ्या बाजूने नेला. ठोकलेला पत्रा काढला, सुटलेला गिलावा खरवडला. चूल भिंतीपासून हातभर पुढे घेतली. एवढ्यानेच निम्मं काम होतं. अंतर हा सगळ्यांत स्वस्त आडोसा आहे.

लाल माती चाळून, तिच्यात बारीक भुसा आणि शेण घालून रात्रभर भिजवली. सकाळी कामवालीने आणि मी ती पायाने तुडवली. भिंतीपासून दीड इंच सोडून साडेचार इंची विटांची बुटकी भिंत घेतली, साडेचार फूट लांब आणि अडीच फूट उंच, चिखलातच, सांधेमोड सांभाळून. सगळ्यांत खालच्या थरात दोन ठिकाणी अर्धी-अर्धी वीट गाळली, हवा आत यायला. वरची फट बुजवली नाही, हवा बाहेर जायला. नुसती सरळ भिंत डळमळली असती म्हणून दोन्ही टोकं वीतभर पुढे वळवली. त्यामुळे चुलीला दोन हात मिळाले आणि वाराही अडला. मग पुढच्या बाजूने बोटभर जाडीचं लिंपण. दुसऱ्या दिवशी बारीक भेगा दिसल्या, त्या पातळ मातीने पुसून घेतल्या.

फरशीचं काम मात्र मिस्त्रीकडून करून घेतलं. दोन बाय दोन फुटांची इंचभर जाड लादी पंचवीस किलोच्या आसपास भरते. अशी लादी मातीच्या भिंतीवर नुसती उभी करणं म्हणजे संकट. लोखंडी अँगलची चौकट करून ती बोल्टांनी घराच्या भिंतीत पक्की केली. चौकट आणि भिंत यांच्यात पाइपचे दीड-दीड इंचाचे तुकडे घातले, म्हणजे इथेही हवेला वाट राहिली. दोन्ही फरश्या त्या चौकटीत वरून सरकवल्या. कडेला थोडी मोकळीक ठेवली, चिकटवलं काहीच नाही. हव्या तेव्हा दोघांनी धरून उचलाव्यात. विटांच्या माथ्यावर आपोआपच एक अरुंद कट्टा झाला. तो आत्याने लगेच मिठाच्या बरणीसाठी राखून ठेवला.

आठ दिवस मोठा जाळ केला नाही. रोज संध्याकाळी काटक्यांचा हलका जाळ. मग एका रविवारी दोन तास चूल पेटती ठेवून आत्याने बारा भाकऱ्या केल्या. दादा शेजारी उभा. शेवटची भाकरी उतरल्यावर त्याने विटांच्या वरून हात घालून मागच्या भिंतीला लावला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाला, "जेमतेम कोमट आहे." मग खाली बसून त्याने एक भाकरी मागून घेतली.

तुमच्याकडे करायचं तर

गच्चीत, परसात, शेतातल्या घरी असा आडोसा कुणालाही करता येईल. लाकडाची चूल नसेल, सणावाराला बाहेर गॅसची मोठी शेगडी लावत असाल तर विटांची गरज नाही. भिंतीपासून इंच-दीड इंच सोडून, वर-खाली उघडा ठेवलेला स्टेनलेस स्टीलचा पत्रा पुरतो. सिलिंडर मात्र आडोशाच्या मागे कधी ठेवू नका. तो उभा, मोकळ्या हवेत आणि जाळापासून लांबच हवा.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा ज्वाळेला लागेल असा लावू नये. जस्त ४१९ अंशांना वितळतं, आणि फार तापलं तर त्याचा धूर छातीला वाईट. जुना सिमेंटचा पत्रा तर मुळीच नको. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, तो तापून फुटतो आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की आयुष्यभर पाठ सोडत नाही. फरशी कापायची झाली तर पाणी मारून कापायला सांगा आणि नाकाला फडकं नव्हे, चांगला मास्क लावा.

फरशीवर तेल उडालं तर गार झाल्यावर राखेने किंवा साध्या साबणाने घासा. तिथे चिंच, लिंबू, व्हिनेगर चालवू नका. भांडं चकचकीत होतं, पण चुनखडीचा दगड आंबटाने खाल्ला जातो आणि पांढरे डाग पडतात. हैदराबादच्या स्वयंपाकात चिंच पाण्यासारखी वापरतात, म्हणून आत्याकडे कट्ट्यावर ओलं फडकं कायम असतं. पावसाळ्यात मातीच्या लिंपणाला वर छप्पर हवं. दसऱ्याच्या आधी एकदा सारवून घेतलं की वर्ष निघतं. आणि लाकूड वाळलेलं वापरा. ओल्या लाकडाचा धूर आडोशाने थांबत नाही, तो बसणारीच्याच डोळ्यांत आणि छातीत जातो.

उन्हाळ्यात ठरल्याप्रमाणे घराला रंग लागला. रंगाऱ्याने दोन्ही फरश्या चौकटीतून उचलल्या, विटांच्या वरची सगळी भिंत रंगवून घेतली आणि फरश्या पुन्हा जागेवर ठेवल्या. मार्गशीर्षात येळ अमावस्येला परसात वीस माणसं जेवली. भज्जीचं पातेलं सकाळी नऊपासून चुलीवर होतं. चूल काढायची गोष्ट कुणीच काढली नाही. वहिनींनी फक्त एवढंच विचारलं, "अत्ते, मिठाच्या बरणीशेजारी शेंगाचटणीचा डबा मावेल का?" आत्याने बरणी थोडी सरकवली.